वाचकांचे प्रश्न : खासदार दिल्लीत बोलतात, त्याचं पुढे काय होतं?

मागच्या अंकात आपण संसदेच्या कामकाजावर प्रश्न मागवले होते. पत्रं आणि मेसेज भरपूर आले आणि बहुतेकांच्या मनात एकच शंका होती, की आपला खासदार तिथे उभा राहून बोलतो त्याने खरंच काही होतं का. म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच दिलीय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या खासदारांच्या फ्लेक्सवर मोठ्या आकड्यात लिहिलंय की संसदेत इतके शे प्रश्न विचारले. हे खरं असतं का? आणि असेल तर त्यांना चांगलं म्हणायचं ना? (कुडाळ)

आकडा बहुतेक वेळा खरा असतो, पण तो कसा तयार होतो ते कळलं की त्याच्याकडे बघायची नजर बदलते. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात. तारांकित म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं, अतारांकित म्हणजे लेखी उत्तर टेबलवर ठेवलं की झालं. एका खासदाराचे एका दिवशी जास्तीत जास्त पाच प्रश्न यादीत येऊ शकतात. आता हे पाच रोज भरायचे ठरवले तर ऑफिसमधला एखादा हुशार असिस्टंट ते सहज करतो, आणि सारख्या प्रश्नांवर चार-पाच खासदारांची नावं एकत्र जोडली जातात तेव्हा एकच उत्तर सगळ्यांच्या खात्यात धरलं जातं. म्हणजे शंभर प्रश्नांमागे शंभर वेळा विचार झालाय असं समजू नका.

मी तर सांगेन आकडा बाजूला ठेवा आणि दोन गोष्टी बघा. एक म्हणजे पुरवणी प्रश्न. क्वेश्चन अवरला एका तासात २० पैकी जेमतेम पाच-सहा तारांकित प्रश्नांपर्यंत गाडी पोचते, मंत्र्याचं छापील उत्तर झालं की खासदाराला त्यावर पुरवणी विचारता येते, आणि तिथे असिस्टंट कामाला येत नाही. ज्याने विषय वाचलाय तो मंत्र्याच्या उत्तरातली फट पकडतो, आणि ज्याने नाही वाचला तो 'माझ्या मतदारसंघात गाडीला थांबा कधी मिळणार' इथे येऊन थांबतो. (थांबा मागू नये असं नाही, लोकांना तो हवाच असतो, पण मूळ प्रश्न रेल्वे अपघातांवर असेल तर संधी गेली ना.) दुसरं म्हणजे मंत्री 'तपासून कळवतो', 'विचार करू' असं म्हणाले तर ते आश्वासन धरलं जातं आणि त्याचा पाठपुरावा करायला संसदेची आश्वासन समिती आहे. तुमच्या खासदाराच्या प्रश्नातून असं एखादं आश्वासन निघालं का, निघालं तर ते पूर्ण झालं का, हे फ्लेक्सवर कधीच नसतं. जाहीर सभेत हेच विचारा त्यांना.

प्रश्न : घरात लहानपणापासून बॅरिस्टर नाथ पैंचं नाव ऐकतोय, भाषण करावं तर त्यांनी असं सगळे म्हणतात. पण त्यांच्या भाषणांतून एक तरी कायदा झाला का? की नुसतं वक्तृत्व? (सावंतवाडी, आणि याच अर्थाची पत्रं मालवण आणि ठाण्याहून)

हा प्रश्न आला याचा मनापासून आनंद झाला, कारण नाथ पैंबद्दल आपण फक्त 'काय बोलायचे!' एवढंच म्हणतो आणि ते कशावर बोलायचे ते विसरून जातो.

सरळ उत्तर आधी देतो. नाही, त्यांच्या नावाचा कायदा झाला नाही. पण त्यांचं एक बिल असं होतं की जे पास न होताही देशाच्या घटनेच्या इतिहासात कायमचं बसलंय.

वेंगुर्ल्यात १९२२ साली जन्मलेला हा माणूस १९५७ ला राजापूर मतदारसंघातून लोकसभेत गेला, संयुक्त महाराष्ट्राची लाट होती, पक्ष प्रजा समाजवादी. मग १९६२ आणि १९६७ ला परत निवडून आला. म्हणजे सगळी कारकीर्द विरोधी बाकांवर, एका छोट्या पक्षात. आणि लोकसभेत बोलायला वेळ मिळतो तो पक्षाच्या संख्येच्या प्रमाणात, त्यामुळे छोट्या पक्षाच्या माणसाला मोजकी मिनिटं मिळतात, त्यात मुद्दा मांडायचा असतो. हे लक्षात ठेवून त्यांची भाषणं वाचा म्हणजे ती इतकी घट्ट का आहेत ते कळेल.

आता ते बिल. २७ फेब्रुवारी १९६७ ला सुप्रीम कोर्टाने गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. पंजाबातल्या एका कुटुंबाची जमीन सिलिंगच्या (जास्तीत जास्त किती जमीन ठेवता येईल त्या मर्यादेच्या) कायद्यात जात होती तिथून प्रकरण सुरू झालं आणि अकरा न्यायाधीशांनी सहा विरुद्ध पाच असा निकाल दिला, की संसदेला मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती करताच येणार नाही. त्यात मालमत्तेचा हक्कही आला, कारण तेव्हा तो मूलभूत हक्क होता. म्हणजे जमीन सुधारणांचं पुढे काय हा प्रश्न आला, आणि त्याहून मोठा प्रश्न, की लोकांनी निवडून दिलेल्या संसदेचा अधिकार नेमका कुठपर्यंत?

सरकार गप्प होतं, निवडणुकीत बहुमत घटलेलं, हा निखारा हातात घ्यायची तयारी नव्हती. आणि ७ एप्रिल १९६७ ला, निकालाला दीड महिनाही झाला नव्हता तेव्हा, विरोधी बाकावरच्या नाथ पैंनी प्रायव्हेट मेंबर बिल आणलं : घटनेतली कुठलीही तरतूद, मूलभूत हक्कांसकट, ३६८ कलमाच्या (घटनादुरुस्ती कशी करायची ते सांगणाऱ्या कलमाच्या) पद्धतीने दुरुस्त करायचा अधिकार संसदेला आहे हे स्पष्ट लिहा. एका खासदाराने सुप्रीम कोर्टाच्या इतक्या मोठ्या निकालाला संसदेच्या आयुधानेच उत्तर दिलं.

इथे प्रायव्हेट मेंबर बिल म्हणजे काय ते सांगायला हवं. मंत्री नसलेला कुठलाही खासदार, मग तो सत्ताधारी पक्षाचा का असेना, बिल आणू शकतो, पण त्यासाठी वेळ मिळतो शुक्रवारी दुपारी अडीच तास, आणि शुक्रवारी दुपारी बऱ्याच जणांना विमान किंवा गाडी पकडायची असते. स्वातंत्र्यानंतर आजवर अशी फक्त १४ बिलं कायदा झाली आणि शेवटचं १९७० साली, त्यानंतर एकही नाही. घटनादुरुस्तीचं तर एकही नाही, कारण त्याला एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश बहुमत असं दोन्ही लागतं. हे सगळं माहीत असून नाथ पैंनी ते आणलं.

बिल दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, १९६८ ला अहवाल आला, सभागृहात वाद झाले आणि ते वाद खरंच वाचण्यासारखे आहेत कारण दोन्ही बाजूंना लोकशाहीचीच काळजी होती. नाथ पै म्हणत होते की शेवटचा शब्द लोकांचा आणि लोक संसदेतून बोलतात. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं की उद्या एखाद्या सरकारने बहुमताच्या जोरावर बोलण्याचं स्वातंत्र्यच काढून घेतलं तर? मला स्वतःला विचाराल तर ही दुसरी भीती जास्त खरी वाटते, पुढे १९७५ ला आणीबाणी आली तेव्हा ती दिसलीच. नाथ पैंचा संसदेवर इतका विश्वास होता कारण त्यांच्या डोळ्यांसमोर जी संसद होती तिथे विरोधी खासदाराचं म्हणणं ऐकून घेतलं जायचं.

बिल पास व्हायच्या आतच डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा बरखास्त झाली आणि बिल संपलं. त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी, १८ जानेवारी १९७१ ला, बेळगावात नाथ पै गेले, वय अवघं अठ्ठेचाळीस. आणि त्याच वर्षी नव्या लोकसभेत सरकारने २४ वी घटनादुरुस्ती आणली, ५ नोव्हेंबर १९७१ ला ती लागू झाली. मूलभूत हक्कांसकट घटनेत दुरुस्ती करायचा अधिकार संसदेला आहे, हाच तिचा गाभा! जो मुद्दा एका छोट्या पक्षाच्या खासदाराने शुक्रवारच्या दुपारी मांडला होता तो चार वर्षांत सरकारचा झाला. मग १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांनी गोलकनाथचा निकाल बाजूला सारला, संसदेला हा अधिकार आहे म्हणाले, पण घटनेचा मूळ ढाचा, म्हणजे तिची पायाभूत तत्त्वं, बदलता येणार नाही अशी मर्यादा घातली. म्हणजे नाथ पैंचं अर्धं म्हणणं टिकलं आणि त्यांना विरोध करणाऱ्यांचं पण अर्धं टिकलं, आणि आज आपण त्याच तोडग्यावर उभे आहोत.

म्हणून 'एक तरी कायदा झाला का' ही मोजपट्टी मला पटत नाही. अलीकडचं उदाहरण हवं तर तिरुची सिवा यांचं ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचं प्रायव्हेट बिल २०१५ ला राज्यसभेत पास झालं, लोकसभेत अडकलं, पण त्यानंतर सरकारला स्वतःचं बिल आणावं लागलं आणि २०१९ ला कायदा झाला. त्या कायद्याबद्दल त्या समाजातल्याच अनेकांच्या तक्रारी आहेत, पण विषय टेबलावर आला तो एका खासदारामुळे.

प्रश्न : सत्ताधारी पक्षाचे खासदार सरकारविरुद्ध बोलूच शकत नाहीत ना? मग त्यांना निवडून देऊन उपयोग काय? (लातूर)

बोलू शकतात. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा पक्ष सोडण्याला आणि मतदानाला लागतो, व्हिप (मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश) मोडून मत दिलं तर खासदारकी जाऊ शकते, पण सरकारला अवघड प्रश्न विचारला म्हणून त्या कायद्याने खासदारकी जात नाही. पुढच्या वेळी तिकीट मिळणार नाही ही भीती असते, ती वेगळी.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण फिरोज गांधी. जन्म मुंबईचा, खासदार रायबरेलीचे, पक्ष काँग्रेस, आणि पंतप्रधान नेहरू त्यांचे सासरे. तरी १६ डिसेंबर १९५७ ला त्यांनी लोकसभेत एलआयसीचं प्रकरण उभं केलं. एलआयसी तेव्हा जेमतेम सव्वा वर्षाची होती, आणि तिने हरिदास मुंदडा नावाच्या उद्योगपतीच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपास किमतीचे शेअर घेतले होते, ते पण बाजारात त्या कंपन्यांची अवस्था वाईट असताना. आधी प्रश्न विचारले गेले, मोघम उत्तरं आली, मग चर्चा लागली आणि फिरोज गांधी तारखा, भाव, व्यवहार असं सगळं हातात घेऊन उभे राहिले. नुसते आरोप केले असते तर सरकारने उडवून लावले असते, पण शेअरच्या भावांना काय उत्तर देणार? मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग बसला, मुंबईत उघड सुनावणी झाली, लोक गर्दी करून ऐकायला गेले, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. डिसेंबर ते फेब्रुवारी, बस्स. आजच्या चौकश्यांशी तुलना करून बघा.

त्यांचं दुसरं काम तर मला याहून मोठं वाटतं. खासदार सभागृहात जे बोलतो त्यावर खटला भरता येत नाही, ते संरक्षण घटनेच्या १०५ व्या कलमाने आहे, पण तेच भाषण छापणाऱ्या पेपरला पुरेसं संरक्षण नव्हतं. फिरोज गांधींनी प्रायव्हेट मेंबर बिल आणून १९५६ ला तो कायदा करून घेतला, त्या १४ पैकी हा एक. आणीबाणीत १९७६ ला तो रद्द केला गेला, १९७७ ला परत आणला, आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ते संरक्षण थेट घटनेत गेलं, कलम ३६१-क. तुम्ही आज कुठल्याही पेपरात संसदेच्या बातम्या बिनधास्त वाचता त्यामागे ही सगळी गोष्ट आहे.

प्रश्न : मंत्री राजीनामा देतात तेव्हा सभागृहात भाषण करतात, ते का? संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी चिंतामणराव देशमुखांनी केलं होतं असं ऐकलंय. (अलिबाग)

बरोबर ऐकलंय, आणि ते तुमच्याच भागाचे खासदार होते, कुलाबा मतदारसंघाचे. राजीनामा दिलेल्या मंत्र्याला अध्यक्षांच्या परवानगीने सभागृहात निवेदन करता येतं, कारण मंत्री सभागृहाला जबाबदार असतो, मग तो का जातोय हे सभागृहाला कळायला हवं. त्या निवेदनावर चर्चा होत नाही.

जुलै १९५६ मध्ये देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं, कारण मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवायचं ठरत होतं. त्यांचं निवेदन नुसतं भावनेचं नव्हतं. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चा न होता जाहीर कसा झाला हा त्यांचा मुद्दा होता, आणि मुंबईत झालेल्या गोळीबाराची चौकशी का होत नाही हा दुसरा. म्हणजे मुंबईच्या प्रश्नात त्यांनी राज्यकारभाराच्या पद्धतीचा प्रश्न दाखवून दिला आणि म्हणून ज्यांना मुंबईशी काही देणंघेणं नव्हतं त्यांनाही ते ऐकावं लागलं.

त्याआधी १९५१ ला डॉ. आंबेडकरांच्या बाबतीत मात्र वेगळं घडलं होतं. हिंदूंचे लग्न आणि वारसाचे कायदे बदलणारं हिंदू कोड बिल रखडलं, शिवाय इतरही कारणं होती, त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि १० ऑक्टोबरला ते निवेदन करायला आले, पण निवेदनाची वेळ आणि आधी प्रत देणं यावरून उपाध्यक्षांशी वाद झाला आणि बाबासाहेब सभागृहातून बाहेर पडले. ते निवेदन त्यांनी पत्रकारांना दिलं. आज ते सहज वाचायला मिळतं आणि प्रत्येकाने वाचावं असं मला फार वाटतं, मागासवर्गीयांच्या प्रश्नापासून परराष्ट्र धोरणापर्यंत एक मंत्री इतकं स्पष्ट लिहू शकतो हे बघून आजही थक्क व्हायला होतं.

प्रश्न : आमच्या खासदारांची हजेरी कमी दिसते. म्हणजे ते काम करत नाहीत का? (नाशिक)

आधी बघा ते मंत्री आहेत का. मंत्री हजेरी लावत नाहीत त्यामुळे त्यांची हजेरी कुठेच दिसत नाही. विरोधी पक्षनेत्यांचंही तसंच. मंत्री नसतील आणि तरी हजेरी कमी असेल तर कारण विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. उलट हजेरी भरपूर असली तरी ते बोलले असं नाही, हजेरी लावून निघून जाता येतं.

आणखी एक, संसदेचं बरंचसं खरं काम स्थायी समित्यांत होतं, अशा २४ समित्या आहेत, प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. तिथे सचिव समोर बसतात, बजेटमधला आकडा न् आकडा विचारला जातो आणि कॅमेरा नसल्यामुळे वेगवेगळ्या पक्षांचे लोक एकमेकांचं ऐकतात. ते बंद दाराआड असतं म्हणून तिथलं बोलणं आपल्याला मिळत नाही, पण अहवाल मिळतात आणि त्यात कोण बैठकीला आलं त्याची नावं असतात. तुमचे खासदार कुठल्या समितीत आहेत एवढं तरी माहीत असू द्या.

प्रश्न : लोकसभेत मराठीत बोलता येतं का? (पणजी)

येतं. घटनेच्या १२० व्या कलमाप्रमाणे हिंदी किंवा इंग्रजी, आणि ज्याला त्यात नीट मांडता येत नाही त्याला अध्यक्षांच्या परवानगीने मातृभाषेत बोलता येतं. मराठीसाठी दुभाष्यांची सोय आहे. हिंदीत अडखळत अर्धा मुद्दा मांडण्यापेक्षा मराठीत पूर्ण मांडावा असं माझं मत आहे.

प्रश्न : भाषणातला शब्द 'कामकाजातून काढून टाकला' म्हणतात, पण तो तर टीव्हीवर सगळ्यांनी ऐकलेला असतो. मग अर्थ काय? (सोलापूर)

अर्थ एवढाच की अधिकृत रेकॉर्डमध्ये तो राहत नाही आणि पेपरने तो छापला तर मघाशी सांगितलेलं संरक्षण मिळेलच असं नाही. अध्यक्षांना असभ्य किंवा बदनामीकारक शब्द काढायचा अधिकार आहे. हे नियम टीव्हीच्या आधीचे आहेत, आता लाइव्ह प्रक्षेपणात शब्द आधीच सगळीकडे गेलेला असतो. शिवीगाळ गाळली तर कोणाची हरकत नाही, पण टीकेचा मुद्दाच गाळला जातो तेव्हा पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला तिथे काय होतं ते कळणारच नाही, आणि मला ते योग्य वाटत नाही.

प्रश्न : ही सगळी भाषणं आम्हाला कुठे वाचायला मिळतील? दिल्लीला जावं लागेल का? (जळगावची एक कॉलेज विद्यार्थिनी)

अजिबात नाही, मोबाइलवर मिळतात आणि फुकट. संसदेच्या वेबसाइटवर चालू लोकसभेचे वाद, प्रश्न आणि उत्तरं आहेत, आणि संसदेच्या डिजिटल लायब्ररीत १९५२ पासूनचे जुने वाद स्कॅन करून ठेवलेत. पीआरएस या संस्थेच्या वेबसाइटवर प्रत्येक खासदाराच्या पानावर हजेरी, वादात भाग किती वेळा घेतला, प्रश्न आणि प्रायव्हेट बिलं एकत्र दिसतात. तिथून सुरुवात कर, पण तिथेच थांबू नको, त्या यादीतल्या वादाची तारीख घे आणि मग मूळ भाषण उघड.

जुनं शोधताना नावाने शोधलं तर बऱ्याचदा हाती काही लागत नाही, कारण स्कॅन धूसर असतात आणि इंग्रजी स्पेलिंग दर वेळी वेगळं. त्यामुळे तारखेने शोध. वर दिलेल्या तारखा त्यासाठीच दिल्यात : मुंदडा प्रकरणासाठी १६ डिसेंबर १९५७, नाथ पैंच्या बिलासाठी ७ एप्रिल १९६७, आणि त्या बिलावरची पुढची चर्चा शुक्रवारच्या वादांत सापडेल. एक भाषण वाचायचं झालं तर त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दोघांचंही वाच, कारण वाद म्हणजे एकट्याचं भाषण नसतं, समोरच्याने काय म्हटलं होतं ते कळल्याशिवाय उत्तराची ताकद कळत नाही. मधे मधे 'व्यत्यय' असं कंसात दिसेल, तिथे गोंधळ झालाय असं समज आणि पुढे जा.

पुढच्या अंकासाठी : राज्यसभेबद्दलचे प्रश्न वेगळे ठेवलेत. महाराष्ट्रातून तिथे १९ जण जातात आणि त्यांना आमदार निवडतात, मग ते नक्की कोणाला उत्तर देतात, असं वर्ध्याच्या एका वाचकाने विचारलंय. त्यापासून सुरुवात करू.